काचेची माणसं

"काचेचा आहे रे तो!"

फुटबॉल बघणाऱ्या कुठल्याही टोळक्यात हे वाक्य महिन्यातून चारदा तरी ऐकू येतं. एखादा खेळाडू धावता धावता एकदम थांबतो, मांडीच्या मागे हात नेतो, बाकावरच्या लोकांकडे बघून मान हलवतो आणि गवतावर बसकण मारतो. कोणी धक्का दिलेला नसतो, कोणी पाय घातलेला नसतो. इकडे रात्रीचा एक वाजलेला असतो, आणि आपल्यातलाच कोणीतरी डोळे चोळत निकाल देऊन मोकळा होतो. काचेचा! (आपल्याकडे कोल्हापूर वगैरे सोडलं तर फुटबॉल ही मुख्यतः रात्री जागून टीव्हीवर बघायची गोष्ट. त्यामुळे निकाल देणारे पुष्कळ, खेळलेले कमी.)

हा शब्द मला हल्ली फार खटकतो. का, ते सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

माझ्या वयाच्या लोकांच्या डोक्यात फुटबॉलमधल्या दुखापतीचं एक चित्र कायमचं कोरलं गेलंय. १२ एप्रिल २०००, रोम. इटालियन कपच्या फायनलचा पहिला सामना, लाझिओ विरुद्ध इंटर. ब्राझीलचा रोनाल्डो (मोठा रोनाल्डो, दातांत फट असलेला) जवळजवळ पाच महिन्यांनी मैदानात उतरला होता. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा फाटला होता, ऑपरेशन झालं होतं. उतरून सहा-सात मिनिटं झाली असतील. बॉल घेऊन तो बचावपटूच्या अंगावर गेला, त्याची ती नेहमीची, पाय बॉलवरून फिरवण्याची हुलकावणी द्यायला लागला आणि गुडघा अक्षरशः निखळला. जवळपास कोणी त्याला शिवलंही नव्हतं. तो गुडघा धरून ओरडत होता आणि समोरचे खेळाडू डोक्याला हात लावून उभे होते.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पुढचा अख्खा मोसम तो खेळू शकला नाही. आणि मग २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये आठ गोल, त्यातले दोन फायनलमध्ये जर्मनीविरुद्ध. आपण ही गोष्ट पुनर्जन्माची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण २००८ मध्ये मिलानकडून खेळताना त्याचा दुसरा, डावा गुडघा तसाच गेला हे सांगायचं बरेचदा राहून जातं. २०११ मध्ये निवृत्त होताना, शरीरापुढे आपण हरलो अशा अर्थाचं तो बोलला होता. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता.

आता हे नशीब म्हणायचं का? एका माणसाकडे बघितलं तर नशीबच वाटतं. पण दुखापतींची गंमत अशी आहे (गंमत कसली म्हणा!) की एकेक मोजली तर अपघात वाटते, आणि हजारो एकत्र मोजल्या की त्यांची चक्क नक्षी दिसायला लागते.

ही मोजदाद करायचं काम स्वीडनमधले एक प्राध्यापक, यान एकस्ट्रांड, यांनी २००१ पासून चालवलंय. युरोपातल्या मोठमोठ्या क्लबांचे डॉक्टर त्यांना प्रत्येक दुखापतीची नोंद पाठवतात: कोणाला झाली, कुठे झाली, सरावात की सामन्यात, किती दिवस बाहेर बसावं लागलं. इतकी वर्षं, इतक्या चिकाटीने केलेली अशी नोंदवही दुसऱ्या खेळात क्वचितच असेल.

त्या वहीतून काय निघालं? पंचवीस खेळाडूंचा संघ धरा. एका मोसमात त्या संघाला साधारण ५० दुखापती होणार, म्हणजे माणशी दोन. त्यातल्या पंधराएक स्नायूंच्या. ह्या स्नायूंच्या दुखापतींपैकी ९० टक्क्यांहून जास्त फक्त चार ठिकाणी होतात: मांडीच्या मागे, जांघेत, मांडीच्या पुढे आणि पोटरीत. सरावापेक्षा सामन्यात धोका सहापटीहून जास्त. आणि प्रत्येक हाफमध्ये जसजशी मिनिटं सरतात तसतसा धोका वाढत जातो.

थोडक्यात काय, तर मोसम सुरू व्हायच्या आधीच मोठ्या क्लबच्या डॉक्टरला ढोबळमानाने माहीत असतं की यंदा साधारण किती जण पडणार आणि कुठे हात लावून पडणार. फक्त नावं कोरी असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, स्नायूंच्या जवळजवळ सगळ्या दुखापती कोणाचाही धक्का न लागता होतात. आपल्याला टीव्हीवर भीती वाटते ती दोन्ही पाय पुढे करून घसरत येणाऱ्या आडदांड बचावपटूची. प्रत्यक्षात स्नायूंचा घात होतो तो मोकळ्या मैदानात, एकट्याने धावताना.

त्यात सध्या सगळ्यांना पुरून उरलेली आहे ती हॅमस्ट्रिंग. मांडीच्या मागे बसणीपासून गुडघ्याखालपर्यंत जाणारा हा स्नायूंचा जुडगा. वेगात पळताना पाय पुढे फेकला जातो, तेव्हा तो टाच टेकायच्या आत आवरायचं काम ह्या जुडग्याचं. म्हणजे एकाच वेळी ताणलंही जायचं आणि जोरही लावायचा. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक जसे सारखे दाबून तापतात, तसं काहीसं. गाडी जितकी वेगात, तितका ब्रेकवर ताण.

आणि गाडीचा वेग तर वाढलाच आहे! इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २००६-०७ ते २०१२-१३ ह्या सात मोसमांचा अभ्यास झाला होता. खेळाडू सामन्यात एकूण जेवढं अंतर पळतात ते जेमतेम दोन टक्क्यांनी वाढलं होतं. पण पूर्ण वेगाने पळायचं अंतर वाढलं होतं सुमारे ३५ टक्क्यांनी. आपण ज्याला 'आजकालचा खेळ काय फास्ट झालाय!' म्हणून दाद देतो, ते हेच. एकस्ट्रांड यांच्या वहीत २००१-०२ साली एकूण दुखापतींपैकी १२ टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या, २०२१-२२ साली त्या २४ टक्के झाल्या. बरोब्बर दुप्पट. गंमत म्हणजे ह्याच काळातल्या अठरा मोसमांचा ताळा घेतला तेव्हा दुखापतींचं एकूण प्रमाण कमी झालेलं दिसलं. लिगामेंटच्या दुखापती घटल्या, जुनं दुखणं उलटण्याचंही प्रमाण घटलं. म्हणजे डॉक्टर मंडळी झोपलेली नाहीत. हॅमस्ट्रिंग मात्र कोणालाच बधली नाही.

आता येतो आपला 'काचेचा' खेळाडू.

हॅमस्ट्रिंगच्या दर पाच-सहा दुखापतींतली एक ही जुनीच पुन्हा उलटलेली असते. आणि ह्या उलटणाऱ्या दुखापतींपैकी दोन तृतीयांशाहून जास्त, खेळाडू मैदानात परतल्यापासून दोन महिन्यांच्या आत उलटतात. म्हणजे पुढची दुखापत कोणाला होणार ह्याचं भाकीत करायचं असेल तर पत्रिका बघायला नको, मागची कोणाला आणि कधी झाली ते बघावं. एकदा फाटलेला स्नायू व्रण घेऊन जुळतो. परतायची घाई झाली तर तोच पुन्हा उसवतो, किंवा त्याला सांभाळता सांभाळता दुसरंच काहीतरी जातं. मग बघणारे म्हणतात, बघा, हा सारखाच जखमी!

मायकेल ओवेन आठवतो? १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाच्या बचावाला भेदत गेलेला अठरा वर्षांचा पोरगा. पुढच्याच एप्रिलमध्ये, लीड्सच्या मैदानावर, एकोणिसाव्या वर्षी त्याची हॅमस्ट्रिंग गेली. त्यानंतर तो चौदा वर्षं खेळला, मोठमोठ्या क्लबांकडून खेळला, पण त्या दिवसानंतर मी पूर्वीचा राहिलो नाही असं त्याने स्वतःच पुढे अनेकदा सांगितलंय. आपल्याला लक्षात राहिला तो वरचेवर बाहेर बसणारा ओवेन. त्या एका दिवशी काय फाटलं ते कोणाला दिसलं नाही.

पेद्रीचं उदाहरण तर अजून बोलकं आहे. २०२०-२१ चा मोसम. बार्सिलोनाचा अठरा वर्षांचा मुलगा. क्लबचा मोसम संपला, तो स्पेनकडून युरो खेळला. युरो संपली, तो टोकियोला ऑलिंपिक खेळायला गेला आणि तिथेही फायनलपर्यंत पोचला. ती फायनल झाली ७ ऑगस्टला, म्हणजे पुढचा मोसम दारात उभा असताना! सगळे मिळून सत्तरहून जास्त सामने. आणि मग पुढच्या मोसमात मांडीचं दुखणं, परत येणं, पुन्हा मांडीचं दुखणं. लगेच कुजबुज सुरू: काचेचा दिसतोय. तोच पेद्री २०२४-२५ मध्ये लीगचे जवळजवळ सगळे सामने खेळला आणि बार्सिलोना विजेता ठरली. काच मधल्या काळात लोखंडाची झाली काय?

वेळापत्रकाबद्दल एक अभ्यास मला विसरता येत नाही. स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या क्लबच्या खेळाडूंवर केलेला, २०१० साली प्रसिद्ध झालेला. आठवड्यात एक सामना खेळणं आणि दोन खेळणं ह्यात काय फरक पडतो ते बघितलं होतं. धावण्याचं एकूण अंतर, वेगाने काढलेल्या धावा, सगळं तपासलं. काहीही फरक नाही! खेळाडू तेवढंच पळत होते. पण दुखापतींचं प्रमाण मात्र दोन सामन्यांच्या आठवड्यात सहापट झालं होतं.

हे वाक्य मी दोनदा वाचलं होतं, तुम्हीही वाचा. खेळ तसाच दिसतो. कोचला तसाच दिसतो, कॅमेऱ्याला तसाच दिसतो, बहुधा त्या खेळाडूलाही तसाच वाटत असेल. शरीर आतल्या आत उधारी लिहून ठेवत असतं आणि एका संध्याकाळी सगळी एकदम वसूल करतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीच्या रोद्रीला पत्रकारांनी विचारलं की इतके सामने वाढल्यामुळे खेळाडू संपावर जातील का. तो म्हणाला, त्या टोकाला आम्ही जवळजवळ पोचलोय. आधीच्या मोसमात तो क्लब आणि देश मिळून साठहून अधिक सामने खेळला होता. हे बोलल्याला पाच दिवस होतात न होतात तोच, २२ सप्टेंबरला आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा एसीएल तुटला. पुढच्या महिन्यात जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बालोन दोर घ्यायला तो स्टेजवर गेला तो कुबड्या घेऊन. त्याची दुखापत जास्त सामन्यांमुळेच झाली असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. एका माणसाच्या बाबतीत ते कधीच सिद्ध करता येत नाही, आणि वेळापत्रक ठरवणाऱ्यांची सगळी सोय तिथेच आहे. चॅम्पियन्स लीगने २०२४-२५ पासून पहिल्या फेरीचे सामने सहाचे आठ केले. २०२५ च्या उन्हाळ्यात क्लब वर्ल्ड कप ३२ संघांचा झाला. २०२६ चा वर्ल्ड कप ४८ संघांचा, १०४ सामन्यांचा ठरला. खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपियन कमिशनकडे तक्रार करावी लागली ती उगाच नाही.

बरं, उपाय माहीत नाहीत अशातला भाग नाही. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग नावाचा एक व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभं राहायचं, सोबत्याने मागून घोटे दाबून धरायचे, आणि कंबर न मोडता शरीर हळूहळू पुढे झुकवत न्यायचं, शक्य तितका वेळ स्वतःला सावरत. ना मशीन, ना पैसा. डेन्मार्कमध्ये ९००हून जास्त खेळाडूंवर रीतसर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. ज्या संघांनी हा व्यायाम केला त्यांच्यात हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्याहूनही कमी. मग २०१५ मध्ये काही मंडळींनी चॅम्पियन्स लीगच्या आणि नॉर्वेच्या क्लबांना विचारलं, तुम्ही करता का हो हे? पूर्णपणे करणारे निघाले दहात जेमतेम एक! व्यायामानंतर सुरुवातीला मांड्या ठणकतात, आणि तीन दिवसांनी सामना असताना कोणाला मांड्या ठणकवून घ्यायच्या असतात? म्हणजे ज्या गर्दीमुळे औषधाची गरज पडते, तीच गर्दी औषध घेऊ देत नाही.

एकस्ट्रांड यांच्याच मंडळींनी अजून एक गोष्ट शोधली. ज्या क्लबांमध्ये मुख्य कोच आणि डॉक्टर यांच्यात नीट बोलणं होतं, तिथे दुखापतींचा बोजा कमी असतो. किती साधी गोष्ट! डॉक्टर 'अजून आठवडा' म्हणाला, तर ते ऐकणारा कान समोर हवा.

हे सगळं मी इतक्या खोलात जाऊन वाचलं त्याला कारण आमची भाची. पंधरा वर्षांची आहे, मिडफिल्डला खेळते आणि बरी खेळते (मामा म्हणून सांगत नाही). शाळेकडून खेळते, क्लबकडून खेळते, जिल्ह्याच्या निवड चाचणीलाही जाते. तिन्हीकडच्या कोचना तिन्हीकडचं वेळापत्रक माहीत नसतं. मागच्या हिवाळ्यात चार दिवसांत तिचे तीन सामने झाले आणि गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं. त्यातल्या एका कोचनी सांगितलं, एवढ्याशा दुखण्याने घरी बसणाऱ्या मुली पुढे जात नाहीत. ताईने मला फोन केला, "तूच समजाव हिला, तुझंच ऐकते."

मी समजवायला गेलो तर ती म्हणाली, "मामा, मी बसले की माझी जागा जाते." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुलींच्या बाबतीत तर ही नक्षी अजून गडद आहे. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना एसीएल तुटायचा धोका मुलांच्या दोन-तीन पट असतो. २०२२ च्या युरोच्या आदल्या दिवशी, सरावात, स्पेनची अलेक्सिया पुतेयास गेली. त्याच मोसमात आर्सेनलच्या एका संघातल्या चौघी: बेथ मीड, व्हिव्हियाने मीडेमा, लिया विल्यमसन, लाउरा वीनरॉयथर. सुरुवातीला चर्चा झाली ती बायकांच्या शरीराची. कंबरेची रुंदी, हार्मोन्स, पाळी. त्यात तथ्य असेलही. पण हळूहळू दुसरे प्रश्नही विचारले जाऊ लागले. मुलींना वजन उचलायचा व्यायाम कोणत्या वयात शिकवतात? मैदानं कसली मिळतात? फिजिओ असतो का? आणि पायात बूट कोणाचे असतात? भाचीचे बूट आम्ही दुकानात मुलांच्या मापातूनच घेतले होते, कारण मुलींचे तिथे नव्हतेच. जगातल्या नामवंत खेळाडूही वर्षानुवर्षं पुरुषांच्या पायासाठी बनवलेले बूट घालून खेळत आल्यात हे वाचलं तेव्हा त्या दुकानदाराचा राग थोडा कमी झाला.

एसीएलचा आणखी एक आकडा सांगतो आणि थांबतो. मोठ्या क्लबांतल्या पुरुष खेळाडूंपैकी ९० टक्क्यांहून जास्त जण ऑपरेशननंतर वर्षभरात मैदानात परततात. बातमी तिथे संपते, फोटो येतो, टाळ्या पडतात. पण तीन वर्षांनी बघितलं तर सर्वोच्च पातळीवर खेळत असतात फक्त ६५ टक्के. उरलेले हळूच खालच्या पायरीवर गेलेले असतात. आणि हे ज्यांच्या दिमतीला जगातले सर्वोत्तम सर्जन असतात त्यांचं.

भाचीला शेवटी फिजिओकडे नेलं. तिने तीन आठवडे विश्रांती सांगितली, पोरगी दोन आठवडे बसली. ताईने तिन्ही कोचना एकाच कागदावर तिचे सगळे सामने लिहून पाठवले. एकाने एक सामना सोडायला परवानगी दिली, दुसऱ्याने उत्तर दिलं नाही, तिसरे रागावले. मोठ्या फुटबॉलमध्ये जे चाललंय त्याचीच ही घरगुती आवृत्ती. क्लबला वाटतं खेळाडू आपला, देशाला वाटतं आपला, स्पर्धा भरवणाऱ्याला वाटतं आपला. आणि गुडघा एकच.

असो. सध्या तिच्या कपाटाच्या आतल्या बाजूला तो कागद चिकटवलेला असतो आणि दर रविवारी ती त्यावर आठवड्यात किती मिनिटं खेळली ते लिहिते. माझं काम एवढंच, की फोन केला की 'गोल किती मारलेस'च्या आधी मिनिटं किती झाली ते विचारायचं.

टीव्हीसमोरही मी हल्ली तेच करतो. कोणी मांडीला हात लावून बसला आणि बाजूने 'काचेचा' असा आवाज आला, की मी विचारतो, गेल्या महिन्यात हा किती सामने खेळलाय रे? पहिल्यांदा लोक वैतागतात. मग कोणीतरी मोबाईल काढून मोजायला लागतं. आठ, नऊ... एकदा अकरा निघाले होते. मग थोडा वेळ कोणी काही बोलत नाही.